अकराव्या सेकंदाला

आमच्याकडे बेळगावात जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला ‘संप’ म्हणतात. पुण्याची आतेबहीण एकदा सुट्टीत आली होती. पहाटे आजोबांनी आजीला विचारलं, “संप भरला काय?” ते ऐकून ही बिचारी उठून बसली. तिला वाटलं, गावात हरताळ पडलाय. तर ही त्या संपाची गोष्ट आहे. त्यात माझ्या हातून जळलेली एक मोटार आहे, आणि जिच्यात मी पहिल्यांदा यंत्राला शहाणं करायला गेले ती बेसिक नावाची जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा आहे.

आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नसे. यायचं ते पहाटे, तेही कधी जोरात, कधी करंगळीएवढ्या धारेनं. आजोबा चारला उठायचे, विजेरी घेऊन संपाचं झाकण सरकवायचे आणि आत बघत उभे राहायचे. संपात पुरेसं पाणी साठलं की मोटार लावायची, म्हणजे ते गच्चीवरच्या टाकीत चढतं. नळ देतो त्यापेक्षा मोटार जास्त वेगानं खेचते, त्यामुळे संप लवकर तळाला जातो. तसं झालं की मोटार बंद करून पुन्हा साठायची वाट बघायची. असं तासदीड तास चालायचं. मोटार कोरडी फिरली तर जळते, म्हणून तिथून हलायची सोय नाही.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्सला होते तेव्हा आजोबा शहाबादीच्या ओल्या पायरीवरून घसरले. मनगटाला प्लास्टर बसलं. तरी चौथ्या दिवशी डाव्या हातात विजेरी घेऊन उभेच. मी म्हटलं, “आजोबा, तुम्ही झोपा. मी मशीन करून देते.”

खरं सांगायचं तर दुकानात मिळणारा एक साधा फ्लोट स्विच संपात सोडला असता तरी भागलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मला करून दाखवायचं होतं.

यंत्राचा मेंदू म्हणून घेतला अ‍ॅटमेगा८ हा मायक्रोकंट्रोलर. बोटाच्या दोन पेरांएवढी काळी चिप, २८ पायांची. प्रोग्रॅम ठेवायला तिच्यात ८ किलोबाइट जागा असते आणि चालू कामाचे आकडे लक्षात ठेवायला फक्त १०२४ बाइट. १०२४ बाइट म्हणजे किती? तुम्ही आत्ता वाचताय ते नागरी अक्षर संगणकात साधारणपणे ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीचे वेगळे. म्हणजे या लेखातला एक बऱ्यापैकी मोठा परिच्छेदसुद्धा त्या चिपच्या लक्षात मावणार नाही. तुमच्या खिशातल्या फोनची मेमरी याच्या लाखो पट असते, म्हणून फोनवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जागेची फिकीर नसते. इथे प्रत्येक बाइट मोजून वापरायचा.

कॉलेजात आम्हाला सी भाषा शिकवत. घरी मात्र मी बॅसकॉम वापरत असे. नेदरलँड्समधल्या एका छोट्या कंपनीनं या चिपांसाठी बनवलेलं ते बेसिक. मूळ बेसिक १९६४ सालचं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातले जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन प्राध्यापकांना गणित-विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही संगणक वापरता यावा असं वाटत होतं, म्हणून त्यांनी साध्या इंग्रजीसारखी वाचता येणारी भाषा रचली. तिचा पहिला प्रोग्रॅम चालला १ मे १९६४ला, पहाटे चार वाजता. आमच्या आजोबांच्या पाण्याच्या वेळी! हे वाचलं तेव्हा मला उगीचच शुभशकुन वाटला होता.

बेसिकमध्ये आकडा ठेवायचा तर आधी त्याच्यासाठी जागा मागून घ्यायची. त्या जागेला व्हेरिएबल म्हणतात, आणि मागायचा शब्द आहे ‘डिम’. जागा मागताना तिचं मापही सांगायचं. ‘बाइट’ म्हटलं तर ० ते २५५ एवढाच आकडा मावतो. ‘वर्ड’ म्हटलं तर दोन बाइट मिळतात आणि ६५,५३५पर्यंत जाता येतं. उणे आकडे लागणार असतील तर ‘इंटिजर’. नुसतं हो-नाही ठेवायचं असेल तर ‘बिट’, आणि असे आठ बिट एका बाइटमध्ये बसवले जातात. शब्द साठवायचा असेल तर ‘स्ट्रिंग’, पण दहा अक्षरांची स्ट्रिंग अकरा बाइट घेते, कारण शब्द कुठे संपला ही खूण ठेवायला शेवटचा एक लागतो.

माप चुकलं तर काय होतं? बाबांच्या जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ झाल्यावर पुन्हा शून्यावर आला होता. बाइटचं तसंच. २५५मध्ये एक मिळवला की २५६ होत नाही, ० होतो. आणि कुणी ओरडत नाही. घरच्या संगणकावर काही चुकलं तर निदान लाल अक्षरांत तक्रार येते. या चिपला तोंडच नाही. चुकीचा आकडा घेऊन ती मुकाट्यानं पुढचं काम करत राहते.

आता संपाचं पाणी मोजायचं कसं? एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा पाण्यावर तरंगत ठेवला, त्याला दोरी बांधली, दोरी झाकणाजवळच्या कप्पीवरून घेतली आणि कप्पी एका पोटेन्शिओमीटरच्या दांडीला जोडली. पाणी वरखाली झालं की दांडी फिरते, तिच्यावरचा दाब बदलतो, म्हणजे विजेचा दाब, आणि चिप तो ० ते १०२३ या आकड्यांत वाचते. तळाला चाळीसच्या आसपास, काठोकाठ भरला की नऊशेच्या वर. दोनशेच्या खाली गेला की मोटार बंद, असं मी ठरवलं.

पण नळाची धार पडत असताना पाणी हिंदकळतं. डबा नाचतो आणि आकडाही नाचतो: २१०, १८५, २२०, १९५. दर सेकंदाला मोटार बंद-चालू करायला लागले तर रिले टकटक करून मरेल. म्हणून एका वाचनावर विश्वास न ठेवता शेवटच्या दहा वाचनांची सरासरी घ्यायची. दहा आकडे ठेवायचे म्हणजे दहा व्हेरिएबल? पाणी-एक, पाणी-दोन, पाणी-तीन असं लिहीत बसायचं? इथेच अ‍ॅरे लागतो.

अ‍ॅरे म्हणजे दहा खोल्यांची चाळ समजा. चाळीचं नाव एकच, खोल्यांना क्रमांक. ‘पाणी(३)’ म्हणजे पाणी चाळीतली तिसरी खोली. गंमत अशी की कंसात ३ऐवजी दुसरं व्हेरिएबल लिहिता येतं. ‘पाणी(आय)’ म्हटलं की आयमध्ये जो आकडा असेल त्या खोलीचं दार उघडतं. आय एकेक वाढवत नेला की पोस्टमन चाळीतून जातो तसं ओळीनं दहाही दारांवर जाता येतं. दहावी खोली झाली की पुन्हा पहिलीवर यायचं आणि सर्वांत जुना आकडा काढून त्या जागी नवा ठेवायचा. दहा ओळींचं काम दोन ओळींत होतं.

खोल्या वर्ड मापाच्या घेतल्या, कारण एकेक वाचन १०२३पर्यंत जाऊ शकतं. बेरजेलाही वर्ड पुरला: दहा वाचनांची बेरीज जास्तीत जास्त १०,२३०. शंभर वाचनं घेतली असती तर बेरीज लाखावर गेली असती आणि वर्ड फुटला असता. हा हिशेब मी वहीत नीट मांडला होता. माप चुकायचं नाही याबद्दल मी फार जागरूक होते. चूक झाली ती दुसरीकडेच.

माझ्या प्रोग्रॅमच्या कामाच्या ओळी अशा होत्या. खऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या रोमन अक्षरांत असतात, इथे वाचायला सोपं म्हणून नागरीत लिहिते:

डिम सीमा ॲज वर्ड
डिम पाणी(१०) ॲज वर्ड
सीमा = २००

आय = आय + १
इफ आय > १० देन आय = ०
पाणी(आय) = गेटएडीसी(०)

पुढे दहा खोल्यांची बेरीज, भागिले दहा, आणि सरासरी सीमेपेक्षा कमी असेल तर मोटार बंद, नाहीतर चालू. हे सगळं दर सेकंदाला एकदा.

टेबलावर तपासलं. मोटारीच्या जागी एक एलईडी लावला. पोटेन्शिओमीटर खाली फिरवून रीसेटचं बटण दाबलं, एलईडी बंद. वर फिरवून रीसेट केलं, तिसऱ्या सेकंदाला एलईडी लागला. पुन्हा खाली, पुन्हा वर. वीसेक वेळा केलं असेल. दर वेळी चारपाच सेकंद बघितलं आणि पुढे गेले. घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. आईनं फोटो काढला. २३० व्होल्टची बाजू मात्र शेजारच्या वायरमन काकांकडून करून घेतली. तेवढी अक्कल होती.

पहिल्या दोन पहाटे पाणी जोरात होतं. आजोबा सकाळी म्हणाले, “मोटार मधेच थांबत होती बघ. दहा-बारा सेकंद थांबायची, परत लागायची.” मी म्हटलं, पाणी हिंदकळत असणार. आजोबांनी मान हलवली. दहा-बारा सेकंद हे त्यांनी अगदी मोजून सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं नाही.

तिसऱ्या पहाटे नळाचं पाणी लवकर गेलं. आजोबा माझ्या शब्दावर झोपून राहिले होते. पाचच्या सुमाराला घरभर जळका वास आला. सगळे धावलो. संप कोरडा, डबा तळाला टेकलेला, आणि मोटार गुरगुरत होती. कोरडी फिरून सील वितळलं, दांडा अडकला आणि वाइंडिंग जळलं. वाइंडिंगवाल्या काकांनी काळी पडलेली तार दाखवली. अडीच हजारांचा फटका बसला. बाबा काही बोलले नाहीत, आजी थोडं बोलली. मोटार दुरुस्त होऊन आली त्या रात्री आजोबांनी विजेरीत नवे सेल घातले आणि चारचा गजर लावला.

मला ते सर्वांत जास्त लागलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस मी तारा तपासत होते. सोल्डरिंग, रिले, पोटेन्शिओमीटर. प्रोग्रॅमवर माझा संशयच नव्हता, तो तर वीस वेळा चालला होता. शेवटी यंत्र टेबलावर आणून लॅपटॉपला जोडलं आणि दर सेकंदाला प्रत्येक व्हेरिएबल पडद्यावर छापायला लावलं. पोटेन्शिओमीटर खाली ठेवला, जणू संप रिकामा आहे, आणि या वेळी बटणाला हात न लावता बसून राहिले.

पहिला सेकंद: वाचन ९६, सीमा २००. दुसरा: वाचन ९६, सीमा २००. असंच दहापर्यंत. एलईडी बंद. अकराव्या सेकंदाला पडद्यावर आलं: वाचन ९६, सीमा ९६. आणि एलईडी लागला.

सीमा बदलायची अशी एकही ओळ मी लिहिली नव्हती. तरी ती बदलली होती.

कारण कळायला आणखी एक संध्याकाळ गेली. बॅसकॉममध्ये अ‍ॅरेच्या खोल्या एकपासून सुरू होतात: १ ते १०. सी भाषेत त्या शून्यापासून सुरू होतात: ० ते ९. कॉलेजात सवय सीची, घरी भाषा बेसिक. दहा खोल्या मी बेसिकच्या हिशेबानं मोजल्या, आणि चाळ संपल्यावर ‘आय = ०’ केलं ते सीच्या सवयीनं. त्यामुळे दर अकराव्या वाचनाला चिप पाणी(०) या खोलीत आकडा ठेवायला जात होती. ती खोली चाळीत नव्हतीच. पण पत्ता काढायचा हिशेब सरळ असतो: पहिल्या खोलीच्या दोन बाइट अलीकडे. तिथे कोण राहत होतं? मी ‘पाणी’च्या आधीच्या ओळीत डिम केलेली ‘सीमा’. चिपनं दार ठोठावलं नाही, नाव विचारलं नाही. आत गेली आणि दोनशे पुसून स्वतःचा आकडा लिहून आली. प्रोग्रॅम चालू असताना कंसातला आकडा चाळीच्या आत आहे का, हे बॅसकॉम तपासत नाही. सीसुद्धा तपासत नाही. पायथॉन तपासतो आणि तिथेच थांबून तक्रार करतो, पण तपासायला वेळ आणि जागा लागते.

मग सगळं जुळलं. संप भरलेला असताना सीमा दर अकरा सेकंदांनी त्या क्षणीच्या पाण्याएवढी व्हायची. हिंदकळणारा आकडा सरासरीच्या वर पडला तर मोटार बंद, खाली पडला तर चालू. आजोबांचे दहा-बारा सेकंद ते हेच. आणि संप कोरडा झाल्यावर डबा तळाला स्थिर बसला: वाचन चाळीस, सरासरी चाळीस, सीमाही चाळीस. चाळीस हे चाळीसपेक्षा कमी नाही, म्हणून मोटार चालू.

आजोबा उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात तीस वर्षं टर्नर होते. अ‍ॅरे वगैरे त्यांना काही माहीत नव्हतं, पण मी चाळीचं चित्र काढून सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे गेजच जॉबबरोबर घासलंस की.” मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं की भोक मापात आहे का हे बघायला प्लग गेज असतं. ते जॉबच्या ट्रेमध्ये कधी ठेवायचं नाही, वेगळ्या पेटीत ठेवायचं. एका नव्या पोरानं ते ट्रेमध्ये टाकलं आणि जॉबबरोबर त्यालाही पॉलिश पेपर मारला. गेज बारीक झालं, भोकं लहान असली तरी आत जायला लागलं. “त्या दिवशी आमचे सगळे जॉब पास,” आजोबा म्हणाले. मग थोडं थांबून विचारलं, “तो दोनशेचा आकडा बदलायचा होता काय तुला कधी?”

नव्हता. मग तो व्हेरिएबल कशाला केला? उगाच, सवयीनं. बेसिकमध्ये न बदलणाऱ्या आकड्यासाठी ‘कॉन्स्ट’ असतं. कॉन्स्ट सीमा = २०० असं लिहिलं की तो आकडा प्रोग्रॅमच्याच जागेत कोरला जातो, १०२४ बाइटच्या वस्तीत राहायला येतच नाही. भलतीच खोली उघडली तरी त्याला कुणी हात लावू शकत नाही. पाणी(०)ची चूक तशीच राहिली असती आणि सीमा फक्त कॉन्स्ट असती, तरी मोटार वाचली असती.

दुसऱ्या वेळी आय दहाच्या पुढे गेला की १वर आणला. बंद करायची सीमा २०० आणि पुन्हा चालू करायची ३००, दोन्ही कॉन्स्ट, म्हणजे काठावर टकटक नाही. आजोबांनी अट घातली की संपात एक साधा फ्लोट स्विचही सोडायचा, असा की प्रोग्रॅम काहीही म्हणो, पाणी तळाला गेलं की मोटारीची वीज तुटलीच पाहिजे. मी निमूट ऐकलं.

आणखी एक खड्डा थोडक्यात चुकला, तो तुमच्यापैकी कुणी असं काही करत असेल तर उपयोगी पडेल. वीज गेली की ते १०२४ बाइट कोरे होतात. मोटार एकूण किती चालली याची नोंद टिकावी म्हणून मी ती चिपच्या ईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या जागेत, दर सेकंदाला लिहिणार होते. बॅसकॉममध्ये डिम करताना ‘इरॅम’ हा एक शब्द जोडला की झालं, इतकं ते सोपं आहे. पण ईप्रॉमची एकेक जागा साधारण १,००,००० वेळा लिहिण्याची हमी घेऊन येते. दर सेकंदाला एकदा म्हणजे अठ्ठावीस तासांच्या आत ती हमी संपली. मग मोटार थांबेल तेव्हा एकदाच लिहायचं ठरवलं.

आता मुलं आर्डुइनो घेतात. त्याच्या नेहमीच्या युनो बोर्डावरची चिप याच घराण्यातली, तिला २ किलोबाइट मिळतात. भाषा सीसारखी, खोल्या शून्यापासून. माझी भाची परवा त्यावर झाडांना पाणी घालायचं यंत्र करत होती. मी फक्त एवढंच विचारलं, “दहा खोल्यांच्या अ‍ॅरेत दहावी खोली उघडलीस तर काय होईल?” ती म्हणाली, “दहावी नसतेच, मावशी. नऊपर्यंतच.” मी म्हटलं, “नसते ना? मग उघडून बघ आणि शेजारी काय होतं ते छाप.” ती अजून छापतेय.

नवं यंत्र बसवल्यावर आजोबा तीन पहाटे संपाशी उभे राहिले, विजेरी घेऊन, झाकण उघडून. मीही शेजारी. मोटार लागली, थांबली, पुन्हा लागली. त्यांनी प्रत्येक वेळ आपल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवली. चौथ्या पहाटे मी चारला उठून बाहेर आले तर अंगणात कुणी नव्हतं. त्यांच्या खोलीत डोकावले. अंधारात जागेच होते, उशीवर डोकं ठेवून ऐकत. थोड्या वेळानं बाहेर रिलेचा ‘टक’ आवाज आला, मोटार थांबली. आजोबा कुशीवर वळले.